वीज रुळात की डब्यात?

भुसावळच्या फलाटावर उभे राहिले की डोक्यावर २५,००० व्होल्टची तार दिसते. तिच्याखाली धावणाऱ्या इंजिनापाशी स्वतःची ऊर्जा नसते, ती वाटेवर पसरलेली असते. जवळच्याच पाचोरा-जामनेर या ५६ किलोमीटरच्या नॅरोगेज मार्गावर मात्र २०२० साली गाडी थांबेपर्यंत उलटा प्रकार होता. आधी कोळसा, मग डिझेल, जे जाळायचे ते इंजिनानेच वाहून न्यायचे. चाळीसगाव-धुळे मार्ग १९०० सालचा. तोही असाच चालला आणि २०२१ साली तारेखाली आला. ऊर्जा वाटेवर ठेवायची की गाडीत, हा प्रश्न आगगाडीइतकाच जुना आहे. खेळण्यातल्या गाडीलाही तो सुटलेला नाही.

विजेच्या गाडीची सुरुवात बॅटरीपासूनच झाली. स्कॉटलंडच्या रॉबर्ट डेव्हिडसनने १८४२ साली एडिंबरो-ग्लासगो मार्गावर बॅटरीचे इंजिन चालवून पाहिले. त्याचा वेग ताशी जेमतेम ६ किलोमीटर होता. जस्ताचे पत्रे आम्लात झिजत आणि त्यातून वीज मिळे, म्हणजे जस्त हेच इंधन झाले. ते कोळशापेक्षा कितीतरी महाग पडे. पुढे डायनामो आला, तेव्हा वेर्नर सीमेन्सने १८७९ च्या बर्लिन प्रदर्शनात वीज जमिनीवरच तयार केली आणि मधल्या तिसऱ्या रुळातून इंजिनाला दिली. बॅटरीचे ओझे उतरले. खेळणी बनवणाऱ्यांनी हीच वाट धरली. रूळ म्हणजे रस्ताही आणि तारही.

घरात हे उत्तम चालते. भाऊ जोशी यांनी १९९८ साली पुण्यात कोथरूडला उघडलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आमच्या अनेक वाचकांनी पाहिले असेल. पण ते छपराखाली आहे. अंगणात चित्र पालटते. चाक आणि रूळ यांचा स्पर्श जेमतेम टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत होतो. तेवढ्यात धूळ, दव किंवा पितळेवरचा ऑक्साइडचा थर आला की प्रवाह तुटतो. उन्हाने रूळ वाढतात, सांधे सैल होतात. जर्मनीत १९६८ पासून बागेसाठी मोठ्या, ४५ मिलिमीटर गेजच्या गाड्या निघाल्या. त्यांच्या हौशी मालकांचा बराच वेळ रूळ घासण्यात जाऊ लागला. मग काहींनी वीज पुन्हा गाडीत चढवली. हे परवडले ते बॅटरी सुधारली म्हणून. १९९१ साली बाजारात आलेले लिथियम-आयन सेल तेवढ्याच वजनाच्या शिसे-आम्ल बॅटरीपेक्षा चार-पाच पट ऊर्जा साठवू लागले.

बदल तसा सोपा. चाकांकडून मोटरकडे येणाऱ्या तारा आधी सोडवाव्यात. हे विसरले तर सेलची वीज चाकांवाटे रुळांत उतरते आणि आडव्या पडलेल्या एखाद्या खिळ्यानेही शॉर्ट सर्किट होते. सेल इंजिनामागच्या डब्यात ठेवावेत, वाटेत फ्यूज आणि दिशा बदलणारा स्विच जोडावा. शाळेसाठी आम्ही निकेल-मेटल हायड्राइड सेल सुचवू. १.२ व्होल्टचे १० सेल एकसरीत जोडले की १२ व्होल्ट मिळतात. क्षमता २ अँपिअर-तास असेल आणि मोटर अर्धा अँपिअर घेत असेल, तर हिशेबाने गाडी ४ तास चालावी. प्रत्यक्षात किती चालते, ते मुलांना घड्याळ लावून मोजू द्यावे.

एक कोडेही आपोआप सुटते. दोन रुळांतून वीज दिलेली गाडी वळसा घेऊन त्याच मार्गावर परत आणली, तर डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि शॉर्ट सर्किट होते. फळ्यावर आकृती काढल्याशिवाय हे बहुतेकांना पटत नाही. बॅटरीच्या गाडीला ही अडचणच नाही. खऱ्या रेल्वेलाही या वाटेचा मोह पडलेला दिसतो. २०२० साली जबलपूर विभागाने तारेवर आणि बॅटरीवर, दोन्हींवर चालणारे ‘नवदूत’ हे शंटिंगचे इंजिन तयार केले.

खानदेशात मात्र उन्हाची काळजी घ्यावी लागेल. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि उन्हात उभा असलेला बंद डबा त्याहून तापतो. बहुतेक सेल ४५ अंशांवर चार्ज करू नयेत. म्हणून गाडी संध्याकाळी चालवावी, सेल बाहेर काढून सावलीत निवू द्यावेत आणि मगच चार्जरला लावावेत.