बालकांतील स्वमग्नतेची प्रारंभिक लक्षणे

स्वमग्नता (ऑटिझम) ही मेंदूच्या विकासाशी संबंधित अवस्था असून तिची चिन्हे बहुधा पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागतात. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले.

कुटुंबाचे लक्ष सहसा उशिरा बोलण्याकडे जाते. पण त्याआधीची चिन्हे अधिक बोलकी असतात. ९ ते १२ महिन्यांचे बालक नावाने हाक मारूनही वळत नाही, वर्षाचे झाले तरी हात हलवून टाटा करत नाही. दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू मिळवण्यासाठी आईचा हात ओढून नेते, मात्र चांदोमामा किंवा गाय केवळ दाखवावी म्हणून बोट करत नाही. हा भेद विशेष महत्त्वाचा मानला जातो. आलेले शब्द गमावणे कोणत्याही वयात तपासणीयोग्य ठरते. एकट्या लक्षणावरून निदान होत नाही. श्रवणदोष आहे का, हेही पाहावे लागते.

'याचे वडीलही उशिराच बोलले' या समजुतीत अनेकदा उपचाराची मोलाची वर्षे जातात. लसीकरणामुळे स्वमग्नता होते, हा दावाही निराधार आहे. तो मांडणारा १९९८ चा शोधनिबंध २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

लातूर जिल्ह्यातील जळकोटसारख्या ग्रामीण तालुक्यांसाठी २०१३ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा आहे. त्यात फिरते वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतील बालके तपासते व संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. दोन भेटींमधील काळात पालक व अंगणवाडी सेविका यांचेच निरीक्षण उपयोगी पडते.