शिकाऱ्यांनीं भरलेला कर

ज्याच्या खांद्यावर बंदूक, त्याच्याच पैशानें रानांतील पशुपक्षी वांचले, असें कोणी सांगितल्यास तें आपणांस विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हें घडलें आहे.

एकोणिसाव्या शतकांत तेथें बाजारासाठीं बेसुमार शिकार होई. मांस, कातडीं व पिसें आगगाडीनें शहरांत जात. प्रवासी कबुतरांचे थवे एके काळीं आकाश झांकून टाकीत. त्या जातीचें शेवटचें पांखरूं १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेलें.

या संहाराची चिंता वाहणारे लोकही शिकाऱ्यांतूनच निघाले. थिओडोर रूझवेल्ट यांनीं १८८७ सालीं समानधर्मी शिकाऱ्यांचा 'बून अँड क्रॉकेट क्लब' स्थापन केला. १९०० च्या लेसी कायद्यानें, बेकायदा मारलेली शिकार एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेण्यास बंदी झाली.

तथापि केवळ बंदीनें रान पुन्हा भरत नाहीं. त्यास द्रव्य लागतें. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यास दरसाल तिकीट (आरंभीं एक डॉलरचें) घ्यावें लागलें व त्या उत्पन्नांतून पाणथळ जमिनी राखल्या गेल्या. १९३७ सालीं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. शिकारीच्या बंदुका व काडतुसें यांवरील कर वन्य जीवांच्या कार्यासाठीं संस्थानांना मिळूं लागला. १९५० सालीं मासे धरण्याच्या गळ-काठ्यांवरील करासही असाच नियम लागू झाला.

या कायद्याचें खरें मर्म एका अटींत आहे. शिकारीच्या परवान्यांचा पैसा दुसऱ्या कामीं वळविणार नाहीं, असा निर्बंध जें संस्थान स्वतःवर घालील, त्यासच हें साहाय्य मिळे. त्यामुळें रस्ते वा कचेऱ्या यांकडे तो पैसा वाहून गेला नाहीं. दुर्मिळ झालेली रानटी टर्की जाळ्यांत धरून ओस पडलेल्या रानांत सोडण्यांत आली. आज तिची गणना लाखांनीं होते.

या व्यवस्थेंत उणीवही आहे. शिकाऱ्यास जे प्राणी प्रिय, त्यांच्याकडेच हा पैसा अधिक वळला. बेडूक, फुलपांखरें वा गाणारे पक्षी यांच्या वांट्यास तो थोडा आला. शिवाय अलीकडे तेथें शिकाऱ्यांचें प्रमाण घटत आहे. तेव्हां केवळ डोळ्यांनीं रानाचा आनंद लुटणाऱ्यांनींही त्या खर्चाचा कांहीं भार उचलावा काय, हा प्रश्न आतां तेथील लोकांपुढें उभा आहे. त्याचें उत्तर देतांना त्यांना १९३७ ची ती लहानशी अट विसरून चालणार नाहीं.