दोन नावांची संहिता : नाझिया हसनचा दुसरा अल्बम आणि आवाजाच्या मालकीचा प्रश्न

१

गीताचा इतिहास लिहिण्याच्या दोन वाटा आपल्याकडे रुळलेल्या आहेत. एक चित्रपटाच्या इतिहासातून जाते. तेथे गीत हे प्रसंगाचे, पात्राचे आणि पर्यायाने चित्रपटाच्या यशापयशाचे अंग ठरते. दुसरी कवितेच्या इतिहासातून जाते. तेथे चाल वजा करून उरलेल्या शब्दांची चिकित्सा होते. नाझिया हसन (१९६५-२०००) या गायिकेचा १९८२ मधील दुसरा अल्बम या दोन्ही वाटांवर नीट भेटत नाही. चित्रपटाच्या इतिहासात तो एका अयशस्वी चित्रपटाची तळटीप होऊन राहतो. आणि काव्याच्या कसोटीवर हाती लागणारे शब्द इतके थोडके असतात की समीक्षक पुढे निघून जातो.

या अल्बमला दोन नावे आहेत. भारतात तो 'स्टार' या चित्रपटाचे संगीत म्हणून ओळखला गेला, तर पाकिस्तानात 'बूम बूम' या नावाने नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा अल्बम म्हणून. हे दुहेरी नामकरण व्यापारी सोयीपुरते नव्हते. 'गाण्यातला आवाज कोणाचा?' या प्रश्नाला दोन संकेतव्यवस्थांनी दिलेली ती दोन भिन्न उत्तरे होती, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

हिंदी चित्रपटगीताचा पाया पार्श्वगायनाच्या संकेतावर उभा आहे. गाणारा एक आणि ओठ हलवणारा दुसरा, हे ठाऊक असूनही प्रेक्षक तो आवाज पात्राचाच मानतो. आरंभी हा संकेत किती कठोर होता, याची खूण 'महल' (१९४९) या चित्रपटाच्या तबकडीवर सापडते. लता मंगेशकर यांच्या त्या गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिकेऐवजी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापलेले होते. पुढे गायकांना श्रेय मिळाले, कीर्तीही मिळाली. परंतु आवाजाने कोणत्याही नायिकेला शोभले पाहिजे, ही अपेक्षा कायम राहिली. लताबाईंच्या आवाजाची थोरवी सांगताना तो अनेक पिढ्यांतील नायिकांना शोभला, असे आपण म्हणतो, तेव्हा नकळत याच संकेताचा गौरव करीत असतो.

नाझियाचा प्रवेशही याच दाराने झाला. फिरोझ खान यांच्या 'कुर्बानी' (१९८०) या चित्रपटाचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते. मात्र इंदीवर यांनी लिहिलेल्या त्यातील एका गीताची चाल बिद्दू यांनी बांधली होती. बिद्दू मूळचे बंगळूरचे; इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले; कार्ल डग्लस यांच्या 'कुंग फू फायटिंग' (१९७४) या जगभर गाजलेल्या गाण्याचे निर्माते. त्यांच्या चालीवर कराचीत जन्मलेली आणि लंडनमध्ये वाढणारी एक शाळकरी मुलगी गायली. या गीतासाठी तिला पार्श्वगायनाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये 'डिस्को दिवाने' हा तिचा पहिला अल्बम आला आणि तिने पार्श्वगायनाचा संकेतच बाजूला सारला. येथे कथा नव्हती, पात्र नव्हते, उसने ओठ नव्हते. गाणाऱ्या मुलीचे नाव आणि तिचा चेहरा हाच गाण्याचा संदर्भ होता.

३

या संदर्भबदलाचा ध्वनीच्या घडणीशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीताला इलेक्ट्रॉनिक वाद्ये नवी नव्हती. 'नागिन' (१९५४) मधील पुंगीचा प्रसिद्ध स्वर कल्याणजींनी क्लॅव्हिओलिनवर वाजवला होता. पण तेथे यंत्र पुंगीची नक्कल करीत होते. आपण यंत्र आहोत हे लपवण्यात त्याचे यश होते. सिंथेसायझरवर आधारलेल्या पॉप संगीताने हे नाते उलटवले. यंत्राचा स्वर यंत्राचाच म्हणून ऐकू यावा, तालाचा ठोका न थकता, न चुकता, एकाच वजनाने पडत राहावा, हा त्याचा सौंदर्यविचार आहे. १९८२ मध्येच चरणजित सिंग यांनी मुंबईत दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर आणि सिंथेसायझरवर बसवले. पण त्यात गाणारा कोणीच नव्हता.

मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल अशा तीन लयप्रकारांतून कलाकृतीची संघटना पाहिली. त्या दृष्टीने 'बूम बूम'मधील विरोधलय ध्यानात घेण्यासारखी आहे. एका बाजूला अविचल ठोका. दुसऱ्या बाजूला पातळ, किंचित सानुनासिक, शास्त्रीय तालमीची कोणतीही खूण नसलेला सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज. मुरकी, हरकत, मींड यांनी चित्रपटगीतात जे भावदर्शन साधले जाते, ते येथे जवळजवळ अनुपस्थित आहे. आवाज यंत्राशी स्पर्धा करीत नाही आणि त्याला शरणही जात नाही. तो निर्विकारपणे शेजारी उभा राहतो. पालुपदातील 'बूम' हा नादानुकारी शब्द हृदयाच्या ठोक्याचा मानावा की यंत्राच्या, हे अनिश्चित राहते. शब्दांच्या थोडकेपणाला उणीव समजणाऱ्या वाचनातून ही अनिश्चितता निसटते.

४

असा केवळ स्वतःलाच शोभणारा आवाज दुसऱ्या अल्बमच्या वेळी पुन्हा चित्रपटाच्या हवाली झाला. विनोद पांडे दिग्दर्शित 'स्टार' (१९८२) मध्ये कुमार गौरव आणि रती अग्निहोत्री यांच्या भूमिका होत्या. 'लव्ह स्टोरी' (१९८१) च्या यशानंतर कुमार गौरव लोकप्रियतेच्या शिखरावर होते. 'स्टार'ची कथा गायक म्हणून नाव कमावू पाहणाऱ्या तरुणाची होती. म्हणजे स्वतःच्या आवाजाने ओळख मिळवण्याची ही गोष्ट उसन्या आवाजांत सांगितली जात होती. चित्रपट चालला नाही. गाणी मात्र टिकली. चित्रपटाच्या अपयशाला अनेक कारणे असू शकतात. तरी इतके निश्चित म्हणता येईल की, ज्या श्रोत्याला 'डिस्को दिवाने'मुळे या आवाजाचा चेहरा माहीत झाला होता, त्याला तो दुसऱ्या चेहऱ्याचा मानणे आता अवघड होते. संकेत मोडला की तो पूर्ववत जोडता येत नाही.

सीमेपलीकडे परिस्थिती वेगळी होती. १९६५ च्या युद्धानंतर पाकिस्तानातील चित्रपटगृहांत भारतीय चित्रपटांना बंदी होती आणि ती सुमारे चार दशके टिकली. तेथील चित्रपटगृहांत 'स्टार' पोहोचणे शक्यच नव्हते. त्यामुळे तीच ध्वनिमुद्रणे तेथे कथेच्या आणि पात्रांच्या ओझ्यावाचून ऐकली गेली. राजकीय बंदीने नकळत एक शुद्ध पाठ जपला, असे म्हणावेसे वाटते. पाठचिकित्सेत आपण शब्दभेदांवरून पाठ वेगळे करतो. येथे स्वर तोच, शब्द तेच, आणि तरीही शीर्षकाने व चौकटीने दोन पाठ निर्माण केले आहेत.

५

मराठी वाचकाला गायकाच्या नावाने येणारी बिगरचित्रपट ध्वनिमुद्रिका अपरिचित नाही. गो. ना. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन तबकडीवर आणली, तेव्हापासून भावगीताने चित्रपटाबाहेर आपले घर केले. पण भावगीताच्या प्रतिष्ठेला कवीचा आधार होता. 'बूम बूम'ला तो नव्हता. म्हणून आपल्या समीक्षेने त्याची दखल घेतली नाही. अशोक दा. रानडे यांनी 'जनसंगीत' ही स्वतंत्र कोटी मानली, तिचे महत्त्व अशा वेळी जाणवते. लोकसंगीताच्या वा कलासंगीताच्या मापाने जे उणे ठरते, त्याला स्वतःचे माप असू शकते, हे त्या कोटीने सुचवले.

पुढील इतिहास या संघर्षाचीच साक्ष देतो. बिद्दूंनी १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्यासाठी 'मेड इन इंडिया' घडवला, तेव्हा गायिकेचा चेहरा हाच गाण्याचा चेहरा, हे सूत्र दूरचित्रवाणीवर प्रस्थापित झाले. उलट २०१२ मध्ये 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये 'डिस्को दिवाने' नव्या रूपात आले आणि २००० साली निवर्तलेल्या नाझियाचा मूळ आवाज पुन्हा एकदा दुसऱ्यांच्या नृत्याला जोडला गेला. हिंदी चित्रपट स्वतंत्र आवाज नाकारत नाही. तो त्याला सामावून घेतो. नाकारण्यापेक्षा हे सामावून घेणे इतिहासकाराला अधिक फसवते, कारण त्यात मूळ मालकीची खूण पुसली जाते. 'स्टार' आणि 'बूम बूम' ही दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिली, तरच ती खूण वाचता येते. एकच नाव ठेवणारा इतिहास कोणत्या तरी एका श्रोत्याला बहिरा ठरवीत असतो.