डॉल्बी : रस्त्यावरची आणि घरातली

मागच्या वर्षी विसर्जनाला साताऱ्याहून भाचा सचिनला आला होता. मिरवणूक निघायच्या वेळी त्याने विचारले, "मामा, तुमच्याकडे डॉल्बी नाही का लावत?" आमच्या हॉलमध्ये टीव्हीखाली ठेवलेल्या यंत्रावर बारीक अक्षरांत हेच नाव छापलेले आहे. पण त्याला अभिप्रेत होती ती ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. आपण सुरतेत तिला डीजे म्हणतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे तिचे नाव डॉल्बी. वर्तमानपत्रांतही 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' असे मथळे येतात. या शब्दामागे एक माणूस आहे, आणि त्याचा आपल्या देशाशी संबंध आहे, हे आम्हांलाही उशिराच कळले.

रे डॉल्बी हे १९३३ साली जन्मलेले अमेरिकन अभियंते. केंब्रिजची डॉक्टरेट घेतल्यावर १९६३ ते १९६५ अशी दोन वर्षे ते युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या उभारणीत त्यांनी मदत केली. इथून लंडनला जाऊन १९६५ मध्ये त्यांनी आपली प्रयोगशाळा काढली. त्यांचा पहिला शोध आवाज वाढवण्याचा नव्हताच. टेपवर गाणे ऐकताना मागे जी 'स्स्स' अशी खरखर येते, ती कमी करण्याचा होता. ध्वनिमुद्रण करताना गाण्याचा हळू भाग थोडा उचलून घ्यायचा आणि वाजवताना तेवढाच खाली आणायचा. त्याबरोबर टेपची खरखरही खाली जाते. म्हणजे ज्या माणसाने गोंगाट कमी केला, त्याचेच नाव आपण गोंगाटाला दिले! ते २०१३ साली वारले. आपल्या मिरवणुका त्यांच्या कानावर गेल्या होत्या की नाही, देव जाणे.

चारी बाजूंनी आवाज येण्याची कल्पना मात्र डॉल्बींच्या आधीची. आपल्याकडे १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पुढच्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला, आणि मराठी पडदा बोलू लागला. त्या वेळी सारा आवाज एकाच पट्टीवर असे. डिस्नेने १९४० च्या 'फँटेशिया'साठी अनेक वाटांनी आवाज सोडणारी यंत्रणा केली, पण ती इतकी खर्चिक होती की मोजक्याच चित्रपटगृहांत बसली. १९५३ मध्ये सिनेमास्कोपबरोबर फिल्मच्या कडेला चार चुंबकीय पट्ट्या आल्या. १९५५ पासून ७० एमएममध्ये सहा.

आपल्या पिढीला यातले एकच नाव पुरे : 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५. मुंबईच्या मिनर्व्हात ७० एमएम आणि स्टिरिओफोनिक आवाजात तो पाहिलेले लोक सांगतात की नाणे पडल्याचा आवाज आला, की प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघत. या चित्रपटाच्या ध्वनिमिश्रणात नाव आहे मंगेश देसाई यांचे. शांतारामबापूंच्या परळच्या राजकमलमध्ये बसून या माणसाने कितीतरी चित्रपटांचा आवाज घडवला. सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शकही त्यांच्याकडे येई. नटनट्यांची नावे तोंडपाठ असलेल्या आपल्या लोकांना हे नाव ठाऊक नसावे, याची खंत वाटते.

पुढे डॉल्बी स्टिरिओ आला. चार वाटांचा आवाज गणिताने गुंफून दोनच पट्ट्यांत बसवायचा, आणि चित्रगृहात पुन्हा सोडवायचा. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने त्याचे नाव केले. हीच युक्ती १९८२ मध्ये घरच्या यंत्रांत आणि १९८७ मध्ये 'प्रो लॉजिक' या सुधारित रूपात आली. १९९२ मध्ये डॉल्बी डिजिटल, १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर डीटीएस, येथून ५.१ चा जमाना. पाच स्पीकर, आणि खोल आवाजाचा तो 'पॉइंट वन'. २०१२ पासून ॲटमॉस, ज्यात छताकडूनही आवाज येतो. ५.१.२ मधला शेवटचा दोन म्हणजे वरचे स्पीकर.

आता घरचे सांगतो. आमचा पहिला संच एका दुकानदाराने '५.१' म्हणूनच दिला. खोक्यावर तसे छापले होते, सहा डबे होते, दिवे लागत होते. चार वर्षे आम्ही पाहुण्यांना कौतुकाने ऐकवला. एक दिवस मागे पाहिले, तर टीव्हीकडून येणारी फक्त एक लाल आणि एक पांढरी पिन! दोन वाटांचाच आवाज आत जात होता, आणि तोच पाचही डब्यांत वाटला जात होता. डिप्लोमा केलेल्या माणसाला हे चार वर्षे दिसू नये, हे लिहिताना आजही लाज वाटते.

नवा ॲम्प्लिफायर घेतला तरी गंमत संपली नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होते. ऑप्टिकल वायरने त्यात दोनच वाटा जातात. 'बिटस्ट्रीम' केल्यावर यंत्राच्या पाटीवर प्रथमच डॉल्बी डिजिटल उमटले. ज्यांच्याकडे एचडीएमआय एआरसी आहे त्यांनी तीच वायर वापरावी. ऑनलाइन चित्रपटांचा ॲटमॉस बहुधा त्यातूनच मिळतो, ऑप्टिकलमधून मिळत नाही.

मांडणीत आमचा सर्वांत मोठा लाभ आईला झाला. तिला संवाद कळत नसत, म्हणून ती मालिका बघताना उठून जाई. आम्ही समजत होतो कान गेले. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, आणि आमचा तो कपाटात, फुलदाणीमागे होता. तो पुढे काढून कानाच्या दिशेने तिरका केला, त्याचा आवाज दोन घरे वाढवला. आई परत बसू लागली. डावा-उजवा स्पीकर समोरच्या रेषेपासून साधारण तीस अंशांवर, मागचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांवर, कानापेक्षा थोडे उंच. आपल्या रो-हाउसच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असतो, तेव्हा मागचे स्पीकर बाजूच्या भिंतींवरच लावावे लागतात, चालते.

आई मात्र सिनेमापेक्षा गीतरामायण ऐकते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आलेली छप्पन्न गाणी, एकाच वाटेचा आवाज. मुलाने त्याला 'हॉल' मोड लावला, तर बाबूजी विहिरीत बसून गात आहेत असे वाटले. अशा गाण्यांना साधा 'स्टिरिओ' किंवा 'डायरेक्ट' मोडच ठेवावा. जे मुळात नाही ते यंत्राने घालू नये, असे आमचे मत.

सबवूफर शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला होता. शेजारचे भाऊ मिलमध्ये रात्रपाळीला जातात आणि दुपारी झोपतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही, वहिनींनी एकदा सहज आईला विचारले, "तुमच्याकडे रोज काय धडधडते?" तो डबा दुसऱ्या भिंतीकडे नेला, खाली रबर घातले, आणि यंत्रातला 'नाइट मोड' लावला, त्यात मोठे आवाज दबतात, संवाद टिकतात. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमाची मर्यादा आहे. ती रस्त्यासाठी लिहिली असली, तरी भिंतीपलीकडच्या माणसाचा कान तोच.

भाच्याला हा सगळा इतिहास सांगितला. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे लावत नाहीत."

मंडळातल्या ज्यांच्याकडे असा संच धूळ खात पडला असेल, त्यांनी विसर्जनानंतर सांगावे. मोजपट्टी आणि कोनमापक घेऊन आम्ही येऊ. चहा मात्र ठेवावा.