काशीतील गणिताचार्य

काशीतील मराठी विद्वान म्हटले की आपणांस गागाभट्ट आठवतात. विष्णु वासुदेव नारळीकर मात्र क्वचितच. १९०८ साली कोल्हापुरात जन्मलेल्या या गणितज्ञाने केंब्रिज येथे रॅले पारितोषिक मिळविले आणि १९३२ साली पंडित मालवीयांच्या बोलावण्यास मान देऊन हिंदू विश्वविद्यालयातील गणित विभागाची धुरा स्वीकारली. सापेक्षतावादाचे अध्ययन तेव्हा आपल्या देशात विरळाच होते.

१९४२ साली प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण, गाठीच्या पैशांवर, त्यांच्यापाशी शिकण्यास आले. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ साली ताऱ्याबाहेरचा अवकाश रिकामा मानून समीकरणे सोडविली होती. परंतु तारा तर सतत प्रकाश टाकीत असतो. अशा ताऱ्याचे गुरुत्वक्षेत्र कसे असेल, याचे उत्तर वैद्यांनी नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली शोधून १९४३ साली प्रसिद्ध केले. त्याचे महत्त्व जगास पुरते उमगले ते साठीच्या दशकात, क्वेसारांचा शोध लागल्यावर. नारळीकरांनी १९६० सालीच काशी सोडली होती.

त्या उत्तरास आज वैद्यांचेच नाव आहे, आणि ते योग्यच होय. परंतु ज्याच्या दारी येण्यासाठी एका तरुणाने आपली सारी पुंजी खर्चिली, त्या गुरूची थोरवी केवळ त्याच्या स्वतःच्या निबंधांवरून कशी मोजावी?