लॅटिनमध्ये लपलेला स्तूप

पाचोऱ्याच्या पोरांना अजिंठा म्हणजे शाळेची सहल. दहा नंबरच्या लेणीत गाईड सगळ्यांना आधी खांबावरचं नाव दाखवतो: जॉन स्मिथ, एप्रिल १८१९. स्तूप मागे उभाच असतो, त्याच्याकडे कुणी फार बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. आणि अशा स्तूपाची बातमी युरोपला या स्मिथच्याच काळात लागली असणार, असं बरीच वर्षं धरून चाललो होतो.

मग क्लेमेंट वाचला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातला हा ख्रिस्ती विचारवंत, इ.स. २०० च्या आसपास लिहिणारा. त्याच्या 'स्ट्रोमाटा' या ग्रंथात, पहिल्याच भागात, 'बुत्ता' येतो. भारतात बुत्ताच्या शिकवणीनुसार चालणारे लोक आहेत आणि त्याच्या थोर पावित्र्यामुळे ते त्याला देव मानतात, असं तो सांगतो. ग्रीक वाङ्मयात बुद्धाचं नाव इतक्या स्पष्टपणे आल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. यात नवल तसं कमीच. अलेक्झांड्रियाचा माल तांबड्या समुद्रातून भडोच, सोपाऱ्याला येतच होता. मालाबरोबर गोष्टीही जाणार. क्लेमेंटचा गुरू पँटेनस भारतात जाऊन आला, असंही जुने चर्च-इतिहासकार लिहितात.

खरी गंमत तिसऱ्या भागात आहे. विषय लग्न आणि ब्रह्मचर्य. लग्न म्हणजे पाप असं म्हणणारे पंथ एकीकडे, बायका सामाईक असाव्यात म्हणणारे दुसरीकडे, आणि क्लेमेंट दोघांशीही भांडतोय. भांडता भांडता तो भारतातल्या 'सेम्नोई' लोकांचा दाखला देतो. ते लग्न करत नाहीत, त्यांच्यात ब्रह्मचारिणी बायकाही आहेत, आणि ते एका पिरॅमिडसारख्या गोष्टीची पूजा करतात, जिच्याखाली कुठल्याशा देवाची हाडं आहेत असं ते मानतात.

पिरॅमिड! इजिप्तच्या माणसाला दुसरा शब्द कुठून सुचणार? हा स्तूपच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हे लोक नागवे राहतात असंही तो म्हणतो, म्हणजे त्याने बौद्ध आणि दिगंबर यांची मिसळ केली असावी. पण भिक्षुणी खऱ्याच होत्या. कान्हेरीच्या शिलालेखांत त्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. आणि अजिंठ्याची दहा नंबरची लेणी तेव्हाच दोन-तीनशे वर्षांची जुनी झाली होती. तिथला स्तूप मात्र अखंड दगडात कोरलेला, आत हाडंबिडं काही नाहीत.

आता इंग्रजीकडे या. विल्यम विल्सनचं भाषांतर १८६०च्या दशकात एडिंबरोहून छापलं गेलं आणि १८८५ मध्ये अमेरिकेत पुन्हा निघालं. पहिला भाग इंग्रजीत, दुसरा इंग्रजीत, तिसरा अख्खा लॅटिनमध्ये! कामजीवनावरची इतकी उघड चर्चा सामान्य वाचकाच्या हाती नको, असं संपादकांना वाटलं. लॅटिन शिकलेल्या पुरुषांना चालेल, बायकापोरांना नको, असा तो हिशेब. त्या पडद्याआड आपला स्तूपही गेला. इंग्रजीतून वाचणाऱ्याला बुद्ध मिळाला, स्तूप नाही. तिसरा भाग नीट इंग्रजीत यायला १९५४ उजाडलं, हेन्री चॅडविकच्या आवृत्तीत. मग १९९१ मध्ये जॉन फर्ग्युसनने पहिले तिन्ही भाग एकत्र दिले.

हे मला सेन्सॉरच्या कात्रीपेक्षा जास्त टोचतं. कात्री चालली की निदान तुकडा गायब झाल्याचं कळतं. इथे सगळं पानावर छापलेलं होतं, फक्त वाचता येत नव्हतं. विल्सनची कॉपीराइट संपलेली आवृत्ती आज फोनवर फुकट उतरवता येते. त्यात तिसऱ्या भागावर या, अजूनही लॅटिनच.