शिंगाची चकती

जनावराचं शिंग तापवून, दाबून त्याचा आरपार दिसणारा पातळ पत्रा करायची कला जुनी आहे. पूर्वी कंदिलाला काचेऐवजी असा पत्रा लावत. कोलकात्यातल्या हेन्री पिडिंग्टननं तो वादळासाठी वापरला. पत्र्यावर वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण छापून त्याच्या चकत्या केल्या. खलाशानं चकती नकाशावर ठेवायची, आपल्या जहाजावरचा वारा बाणाशी जुळेपर्यंत सरकवायची. जुळला की मधला ठिपका म्हणजे वादळाचं केंद्र, तिकडे जायचं नाही. खलाशांसाठी त्यानं १८४८ मध्ये जे पुस्तक काढलं, त्याच्या नावातच हे शिंग आहे. ‘सायक्लोन’ हा शब्दही त्यानंच दिला, सापाच्या वेटोळ्यावरून.

चक्रीवादळाच्या जमिनीलगतच्या वाऱ्याचं जे गणित आज संगणक मांडतो, त्याची कुळी माझ्या मते या चकतीपासून लावावी.

चकतीला वाऱ्याची दिशा कळत होती, वेग कळत नव्हता. १९२८ च्या वादळात अमेरिकेतल्या फ्लोरिडात ओकिचोबी तळ्याचं पाणी वाऱ्यानं बांधावरून ढकललं आणि दोन हजारांहून जास्त माणसं बुडाली. बांध किती उंच हवा हे ठरवायचं तर वारा किती, हे आधी सांगावं लागतं. त्याच तळ्यावरच्या वादळांचा अभ्यास करताना श्लोमर यांनी १९५४ मध्ये केंद्रापासून बाहेर जाताना हवेचा दाब कसा चढतो याचं सूत्र मांडलं; या चढावरूनच वाऱ्याचा वेग काढता येतो. १९८० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग हॉलंड यांनी त्यात ‘बी’ नावाचा एक आकडा घातला. तो साधारण १ ते २.५ असतो. आकडा मोठा तर वाऱ्याचा जोर केंद्राभोवतीच्या अरुंद कड्यात एकवटतो, लहान तर तो ऐसपैस पसरतो.

आपल्याकडे मिश्रा आणि गुप्ता यांनी १९७६ मध्ये दिलेलं सूत्र याहून सुटसुटीत आहे. बाहेरचा दाब आणि केंद्रातला दाब यांतला फरक हेक्टोपास्कलमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, १४.२ नं गुणा. जास्तीत जास्त वारा नॉटमध्ये मिळतो. फरक १८ असेल तर उत्तर येतं ६० नॉट, म्हणजे ताशी १११ किलोमीटर. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. एका वर्गमुळात एवढं मावतं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण ही सगळी मंडळी पाण्याच्या बाजूनं विचार करणारी. जमिनीवर आलेल्या वाऱ्याचं पुढे काय होतं? किनाऱ्यावरचं अलिबाग आणि घाटावरचं, लिंबाच्या बागांचं श्रीगोंदा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मध्ये सरळ रेषेत १९० किलोमीटरच्या आसपास अंतर आणि त्यात सह्याद्री. वादळाला समुद्राची वाफ मिळेनाशी झाली की ते उपाशी पडतं. डोंगर, झाडं, घरं वाऱ्याला घासतात. कॅप्लन आणि डिमारिया यांनी १९९५ मध्ये अमेरिकेच्या वादळांवरून ही ओहोटी सूत्रात बसवली. भारताच्या किनाऱ्यासाठी तसं सूत्र रॉय भौमिक, कोटल आणि कालसी यांनी २००५ मध्ये दिलं. म्हणजे शिंगाच्या चकतीनंतर दीडशेहून जास्त वर्षांनी वादळाचा वारा बांधावरच्या माणसाच्या हिशेबात आला.

तोही अजून पुरता आलेला नाही. ‘जमिनीलगतचा वारा’ म्हणजे मोकळ्या जागी दहा मीटर उंचीवरचा. श्रीगोंद्याचं कागदी लिंबू त्याच्या निम्म्या उंचीवर असतं. तिथे वारा कमी असतो, पण बांधावर झाडोरा किती, शेजारी उभा ऊस आहे की नुसतं नांगरलेलं रान, यावर तो गटागणिक बदलतो. वेग निम्मा झाला की झाडावरचा रेटा चौथाईवर येतो, म्हणून हा फरक बारीक नाही. जूनच्या तोंडाला बागेत तोडणीची लिंबं असतात. फांद्या काटेरी आणि एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे वाऱ्यात फळावर काटा घासतो आणि सालीवर ओरखडा उठतो. तसं लिंबू गोणीत गेलं तरी बाजारात त्याचा भाव पडतो.

आता पिडिंग्टनची चकती महाराष्ट्राच्या नकाशावर ठेवून बघा. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट फिरतं आणि वारा थोडा आत वळतो. ठिपका अलिबागवर असताना श्रीगोंद्याला आग्नेयेकडचा, दक्षिणेकडचा वारा दिसतो. ‘निसर्ग’ पुढे ईशान्येला, उत्तर महाराष्ट्राच्या दिशेनं गेलं. चकती तशी सरकवत न्या, की श्रीगोंद्याचा वारा नैऋत्येकडून आणि मग पश्चिमेकडून येऊ लागतो. बागेला वारा अडवायला शेवरी किंवा सुरू लावतात, तीही दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या बांधावर.